मुरगळलेला घोटा आणि भौतिकोपचार
(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी भौतिकोपचार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



या सभेत बोलण्यासाठी दरवर्षी एखादा भारदस्त विषय निवडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पक्षाघातानंतरचे पुनर्वसन, गुडघ्याचे सांधेरोपण, हृदयविकारानंतरचा व्यायाम हे विषय पूर्वी येऊन गेले. यंदा आम्ही पाय मुरगळण्याविषयी बोलणार आहोत हे कळल्यावर आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसून विचारले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे? दोन दिवस बसायचे, हळद लावायची, झाले!" त्यांच्या या प्रश्नामुळेच विषय पक्का झाला. दोन दिवस बसून, हळद लावून बऱ्या झालेल्या घोट्यांचे मालकच पुढे वर्षा-दोन वर्षांनी आमच्या विभागात येतात आणि "तोच पाय पुन्हा मुरगळला" असे सांगतात. काहींच्या बाबतीत ही चौथी-पाचवी वेळ असते.

नववीत शिकणारी खो-खोची एक खेळाडू वडिलांबरोबर आली होती. तालुक्याच्या संघात तिची निवड झाली होती. खांबाला वळसा घेताना पाय मुरगळला, आठवड्याभरात सूज उतरली आणि ती पुन्हा मैदानावर गेली. महिन्याभरात दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा तोच प्रकार घडला. वडील म्हणाले, "मॅडम, हिचा पायच कच्चा आहे. खेळ बंद करावा म्हणतो." मुलगी काहीच बोलली नाही, नुसती खाली पाहत राहिली. तिचा पाय कच्चा नव्हता, अर्धवट बरा झालेला होता. या दोहोंतला फरक सांगणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम घोट्याची रचना थोडक्यात पाहू. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक खाच तयार होते. सुतार लाकडात खाच पाडून तीत दुसरे लाकूड घट्ट बसवतो, तसे टॅलस नावाचे हाड या खाचेत बसलेले असते. हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल जमिनीवर सपाट टेकलेले असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो आणि सांधा स्थिर राहतो. चवडा खाली झुकला, म्हणजे उडी मारून उतरताना किंवा पायरी उतरताना, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. त्याच क्षणी पाऊल आतल्या बाजूला वळले, तर सारा ताण बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर येतो. हाडाला हाड बांधून ठेवणारे हे चिवट पट्टे, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात, आतल्या बाजूला पंख्यासारखे जाड आणि बळकट असतात. बाहेरच्या बाजूला मात्र ते तीन वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रूपात असतात आणि त्यांपैकी पुढचा पट्टा सर्वांत दुबळा असतो. शिवाय बाहेरच्या घोट्याचे टोक आतल्या घोट्यापेक्षा खाली उतरलेले असल्याने पाऊल बाहेर वळण्यास अडते, आत मात्र सहज वळते. म्हणून मुरगळलेल्या पायांपैकी बहुतेक बाहेरच्या बाजूला सुजतात आणि तो पुढचा पट्टाच आधी ताणला किंवा फाटला जातो.

हे केव्हा घडते? आमच्याकडे येणाऱ्यांत खेळाडू असतात, पण खेळाडूच अधिक असतात हा समज खरा नाही. कबड्डीत आणि व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून उतरताना दुसऱ्याच्या पावलावर पाऊल पडते, खो-खोत धावता धावता एकदम दिशा बदलावी लागते. ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पण जिना उतरताना "शेवटची पायरी संपली" असे वाटून पाऊल टाकणारी गृहिणी, डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेतल्याने पायाखालचे न दिसणारी बाई, एस.टी. थांबण्याआधीच घाईने उतरणारा प्रवासी, बांधावरून चालताना चिखलात घसरणारा शेतकरी, हातातल्या मोबाईलकडे पाहत पदपथाच्या कडेवरून खाली जाणारा महाविद्यालयीन विद्यार्थी, हे सगळे तितकेच आमचे रुग्ण आहेत. पावसाळ्यात गडकोटांच्या वाटा शेवाळतात आणि शहरातल्या रस्त्यांवरचे खड्डे पाण्याने भरून दिसेनासे होतात, त्या महिन्यांत आमच्या विभागातील बाकडी रिकामी नसतात. आषाढी वारीहून परतलेले काही वारकरीही येतात. दररोज मैलोन्‌मैल चालून थकलेल्या पोटऱ्या आणि झिजलेल्या टाचांच्या चपला असे दोन्ही एकत्र आले, की रस्त्यावरचा लहानसा दगडही पुरतो.

थकवा हे कारण आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. पाऊल वाकडे पडू लागले की नडगीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू ते सावरतात. परंतु पाय मुरगळण्याची क्रिया इतकी झटपट घडते, की झोपलेला स्नायू जागा होईपर्यंत इजा होऊन गेलेली असते. स्नायू आधीपासूनच सावध असावे लागतात, आणि थकलेला किंवा दुबळा स्नायू सावध राहत नाही. पोटरी आखडलेली असली की चालताना टाच लवकर उचलली जाते आणि घोटा त्याच्या सैल अवस्थेत अधिक वेळ राहतो. टाचेच्या उंच चपला, बाजूने झिजलेले बूट, वाढलेले वजन, या गोष्टी त्यात भर घालतात. आणि या सर्वांहून मोठे कारण म्हणजे पूर्वी एकदा मुरगळलेला पाय. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका कधीच न मुरगळलेल्या घोट्यापेक्षा बराच अधिक असतो.

असे का व्हावे, याचा शोध घेणाऱ्यांत इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन यांचे नाव आदराने घेतले जाते. गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या क्षेत्रातही पुढे त्यांनी मोठे काम केले. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की अस्थिबंध हा केवळ दोर नाही. त्यात ज्ञानतंतूंची टोके असतात आणि पाऊल कोणत्या कोनात आहे, ही वार्ता ती मेंदूला व मज्जारज्जूला सतत कळवत असतात. अस्थिबंध फाटतो तेव्हा ही वार्ता पोहोचवणारी यंत्रणाही बिघडते. दोर सांधला जातो, पण निरोप्या मुका राहतो. फ्रीमन यांनी अशा रुग्णांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव दिला आणि पाय "लचकून जाण्याची" तक्रार त्यामुळे कमी झाल्याचे दाखवले. पुढच्या संशोधनाने त्यांच्या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, फळीवरचा सराव मात्र टिकून राहिला. जगभरच्या भौतिकोपचार विभागांत ती फळी आजही आहे. आमच्याकडील फळी स्थानिक सुताराने बनवली आहे: प्लायवुडची गोल चकती आणि तिच्या खाली अर्धा लाकडी चेंडू.

उपस्थितांना एक विनंती आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीला हात ठेवून एका पायावर उभे राहावे. आता हात सोडावा. आता डोळे मिटावेत. (वृद्ध मंडळींनी आणि मधुमेह्यांनी कृपया बसून राहावे.) डोळे मिटताच घोटा कसा थरथरू लागला, हे आपण अनुभवलेच असेल. ती थरथर म्हणजे वर सांगितलेल्या निरोप्याचे काम होय. एकदा पाय मुरगळलेल्यांनी दोन्ही पायांवर हे करून पाहिले, तर दोन बाजूंतला फरक त्यांना न सांगता कळेल.

आता प्रथमोपचाराकडे वळू. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू होतो आणि घोटा मुरगळला की चोळणाऱ्याचा. या परंपरांची आम्ही थट्टा करू इच्छित नाही. आंबेहळद आणि रक्तचंदनाच्या लेपाने आराम वाटत असेल, तर आमची हरकत नाही, कातडी मात्र फुटलेली नसावी. परंतु ताज्या दुखापतीवर तेल लावून जोराने चोळणे, "नस बसवण्यासाठी" पाऊल ओढून कडकन वाजवणे, गरम विटेचा शेक देणे, यांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. चुन्याच्या लेपाने कातडी भाजलेले पाय आम्ही पाहिले आहेत. पहिले दोन-तीन दिवस पाय उंचावर ठेवावा आणि बोटांपासून वर क्रेप बँडेज गुंडाळावे. ते इतके घट्ट नसावे की बोटे निळी पडतील. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावल्यास वेदना कमी होतात. त्याने जखम लवकर भरते असे मात्र सिद्ध झालेले नाही.

येथे वैद्यकशास्त्राने आपलाच सल्ला कसा सुधारला, हे सांगणे अगत्याचे आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी लोकप्रिय केली. २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले, की संपूर्ण विश्रांती आणि बर्फ यांमुळे जखम भरण्यास उशीर होऊ शकतो. २०१२ पासून तज्ज्ञ "विश्रांती"च्या जागी "योग्य तेवढा भार" असे म्हणू लागले आहेत. अस्थिबंधाचे नवे तंतू बेतशीर ताण मिळाला की योग्य दिशेने रचले जातात, सारे काही थांबवले की अस्ताव्यस्त वाढतात. म्हणून साध्या मुरगळीत, वेदना सहन होईल तेवढे, गरज पडल्यास काठी घेऊन, लवकर चालायला लागावे. "तीन आठवडे पाय जमिनीला टेकवू नका" हा सल्ला आम्ही आता क्वचितच देतो.

अर्थात हाड मोडलेले नाही, ही खात्री आधी हवी. यासाठी १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे नियम तयार केले. दुखापतीनंतर लगेच आणि रुग्णालयात तपासतानाही चार पावले चालता येत नसतील, किंवा आतल्या वा बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर, करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेवरील हाडावर किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीवरील हाडावर दाबून दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. यांपैकी काहीच नसेल तर ती बहुधा अनावश्यक असते. या नियमांमुळे अनेकांचा खर्च वाचतो, ही बाब धर्मादाय रुग्णालयाने विसरता कामा नये.

दोन बाबतींत मात्र आम्ही या नियमांवर विसंबत नाही. लहान मुलांत अस्थिबंधाऐवजी हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झालेली असू शकते. आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीचा घोटा सुजला, गरम झाला, पण फारसा दुखत नाही, अशा वेळी "मुरगळला असेल" म्हणून घरी बसू नये. ज्ञानतंतू बधिर झालेल्या पायात हाडे आतल्या आत खचत असतात आणि रुग्ण त्यावर चालत राहतो. याला शार्कोचा विकार म्हणतात. त्यात पाऊल कायमचे वाकडे होऊ शकते. आजच्या भाषणातील एकच वाक्य घरी न्यायचे असेल, तर मधुमेह्यांच्या कुटुंबीयांनी हे न्यावे.

भौतिकोपचारात आम्ही नेमके काय करतो, असे पुष्कळदा विचारले जाते. पहिल्या दिवसांत हालचाल टिकवणे हे काम असते. रुग्णाला पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढायला सांगतो. लहान मुले ही शिकवणी आनंदाने घेतात, मोठ्यांना "ज्ञ" काढताना घाम फुटतो. मग पंचा चवड्याला अडकवून पोटरी ताणणे, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पावलाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला खेचणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर, पुढे एकाच पायावर. त्यानंतर तोल: कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभे राहणे, नंतर घडी घातलेल्या गोधडीवर, नंतर फळीवर, नंतर फळीवर उभे राहून चेंडू झेलणे. खेळाडूसाठी शेवटी उड्या, वळणे आणि त्याच्या खेळातील नेमक्या हालचाली. सौम्य मुरगळ साधारणतः एक-दोन आठवड्यांत आटोक्यात येते, अर्धवट फाटलेल्या अस्थिबंधाला महिना-दीड महिना लागतो, पूर्ण फाटला असेल तर तीन महिनेही लागू शकतात. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना पडते.

येथे देणगीदारांशी आम्हांला मोकळेपणाने बोलायचे आहे. रुग्ण आल्याबरोबर विचारतो, "मशीन कधी लावणार?" मशीन लावले नाही तर उपचारच झाला नाही, असे त्याला वाटते. उदार मनाने देणगी देणाऱ्यांनाही यंत्र द्यावेसे वाटते, कारण यंत्र डोळ्यांना दिसते आणि त्यावर नावाची पाटी लावता येते. परंतु मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंडचा शेक देण्याने म्हणण्यासारखा लाभ होत असल्याचे आढळले नाही, असा निष्कर्ष कोक्रेन या संस्थेच्या २०११ सालच्या आढाव्यात काढलेला आहे. याउलट तोल साधण्याच्या सरावाचा उपयोग वारंवार दिसून आला आहे. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी निम्म्या लोकांनी नेहमीच्या उपचारांखेरीज आठ आठवडे घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीविना तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्के लोकांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम न दिलेल्यांत हेच प्रमाण ३३ टक्के होते. या व्यायामाला वीज लागत नाही.

म्हणूनच एका दात्याने शेक देणारे नवे यंत्र देऊ केले, तेव्हा आम्ही संकोचाने का होईना, त्यांच्याकडे दुसरेच काही मागितले: आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी विभाग उघडा ठेवण्यासाठी एका भौतिकोपचारतज्ज्ञाचे मानधन. त्यांनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला. पाटी कोठे लावायची, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, याची कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

सायंकाळची वेळ आम्ही का मागितली, हेही सांगतो. तीन घरची धुणी-भांडी करणाऱ्या एक बाई ओल्या मोरीत पाय घसरून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सर्व व्यायाम मन लावून शिकून घेतले, पण पुन्हा आल्या नाहीत. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी त्या रुग्णालयात आल्या, तेव्हा लंगडत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "ताई, सकाळी तुमच्याकडे आले तर दोन घरं बुडतात. सूज उतरली, मग म्हटलं झालं." त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या विभागाची वेळ चुकीची होती. वेदना आणि सूज थांबते तेव्हा अस्थिबंध नुकताच भरू लागलेला असतो आणि स्नायूंचा सराव तर सुरूही झालेला नसतो, ही गोष्ट आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवी होती. ती सांगितली गेली नाही, ही त्रुटी आमचीच. आता पहिल्या भेटीतच प्रत्येक रुग्णाला चित्रे काढलेला एक कागद दिला जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर बोलावतो. मुले आईवडिलांकडून व्यायाम करवून घेण्यात आमच्यापेक्षा कडक असतात, असा आमचा अनुभव आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या खो-खोपटू मुलीविषयी सांगायचे राहिले. तिने आठ आठवडे व्यायाम केले. त्यांतले पहिले दोन आठवडे तिच्या वडिलांचा विश्वास नव्हता, ते बाकावर बसून फळीकडे संशयाने पाहत. एके दिवशी ते स्वतःच फळीवर चढले आणि दुसऱ्या क्षणी खाली उतरले. त्यानंतर त्यांनी शंका काढली नाही. तालुक्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धा तिला मुकाव्या लागल्या. पुढच्या हंगामात घोट्याला आधारपट्टा बांधून ती उतरली, आणि सध्या शाळेच्या मैदानावर लहान मुलींना खेळण्यापूर्वी एका पायावर उभे करते, असे तिच्या क्रीडाशिक्षकांकडून कळते.

सायंकाळचा विभाग सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी साडेपाच ते आठ या वेळेत चालू असतो. घोटा पहिल्यांदा मुरगळला असला तरी या, आणि सूज उतरल्यावर एकदा तरी पुन्हा या.